तेवीस-सीवरची बाई

विमानात जागा एकशे ऐंशी आणि विकलेली तिकिटं एकशे सत्त्याऐंशी, हे आमच्याकडे रोजचंच. लोक यायचं ठरवतात आणि येत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर कंपनीचा भरवसा. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. कुणी आजारी पडतं, कुणी रस्त्यात अडकतं, कुणाचं भांडण मिटतं आणि जाण्याचं कारणच उरत नाही. पण ज्या दिवशी सगळेच्या सगळे येतात, त्या दिवशी सात जणांना मागे ठेवायचं काम माझं. एकोणीस वर्षं मी ते हसतमुखाने करते आहे. जागा होण्यासारखी असेल तर मी नुसतं 'थांबा' म्हणते. आणि जिथे काही आशा नसते तिथे म्हणते, 'बसा तिकडे, जागा झाली की हाक मारते.' हा फरक फक्त मला कळतो.

आमच्या कामात प्रत्येकाची एक चोरवाट असते. माझी अशी होती. अडीनडीला एक जागा हाताशी असावी म्हणून मी सकाळीच कॉम्प्युटरमध्ये एक खोटी बाई बसवून ठेवायची. जागा तेवीस-सी, मागच्या बाजूची, कुणी हौसेने मागणार नाही अशी. बाईचं नाव मीच रचलेलं. जन्मतारीख मात्र माझी स्वतःची, म्हणजे विसरायला नको. दार बंद व्हायला वीस मिनिटं उरली की बाईला उतरवायचं आणि जागा गरजूला द्यायची. परीक्षेला निघालेली मुलगी, साहेबांचा मेहुणा, कुणीही. गरजू कोण ते मी ठरवायची, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. त्या बाईचं नाव इथे लिहीत नाही. हल्ली ते मी तोंडानेही उच्चारत नाही.

पहिली कुरबुर साहेबांच्या मेहुण्याची. परत आल्यावर तो काउंटरशी येऊन म्हणाला, "ताई, जागा मिळाली ते बरं झालं. पण खुर्ची गरम होती हो. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी."

"आयती जागा मिळाली आणि वर तक्रार," मी म्हणाले. तोही हसला. ती त्या विमानाची दिवसातली पहिलीच फेरी होती, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

मग पत्र आलं. हाताने लिहिलेलं, अक्षर नेटकं. 'तुमच्या विमानातून मला आजवर एकतीस वेळा उतरवण्यात आलं. दर वेळी मी दारापाशी उभी होते.' खाली एकतीस तारखा आणि ते नाव. पत्त्याच्या जागी फक्त 'दार क्रमांक सहा'. म्हणजे आमचंच दार.

माझी युक्ती शेजारच्या काउंटरवरच्या चष्मेवालीलाच ठाऊक होती. मी तिला गाठलं.

"मी कशाला लिहू?" ती म्हणाली. "मला साधा रजेचा अर्ज लिहायला दोन दिवस लागतात."

ते खरंच होतं. मी तारखा ताडून पाहिल्या. एकतीसच्या एकतीस बरोबर निघाल्या. त्यानंतर चार महिने मी त्या बाईला बसवलं नाही. पण रांगेकडे बघताना उगाच माणसं मोजायची सवय लागली. एकदा मोजून समाधान व्हायचं नाही. हात कामात आणि डोळे दाराकडे, असं सगळं चाललं होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात एकटी राहते. "ठमे, उद्या दोन वाजता मला ऑपरेशनला आत नेणार आहेत. त्याआधी ये. डॉक्टर म्हणतात, वय झालंय, काही सांगता येत नाही. तुला एकदा बघू दे."

"येते गं," मी म्हणाले. तीन वर्षं मी तिला 'येते'च म्हणत होते. आम्हा कर्मचाऱ्यांना उरलेली जागा मिळते, आणि आमच्या विमानात उरत काही नाही. दर वेळी मीच माझं नाव खोडायची. लोकांना जागा वाटणारी मी माझ्या आईच्या वाट्याला मात्र कधी आले नाही.

त्या सकाळी मी तेवीस-सीवर बाई बसवली. पहिल्यांदाच स्वतःसाठी.

आणि त्या दिवशी सगळे आले. एकशे सत्त्याऐंशी. वीस मिनिटं उरली तशी मी बाईला उतरवायला गेले, तर पडद्यावर तिच्या नावापुढे लिहिलं होतं : हजर. सामान एक नग, अकरा किलो.

"तेवीस-सीचं सामान कुणी घेतलं?" मी चष्मेवालीला विचारलं.

"मीच. ओळखपत्र पाहिलं, फोटो जुळला. त्याच नावाची कुणी खरीच निघाली असेल. का गं?"

"दिसायला कशी होती?"

ती बराच वेळ आठवत राहिली. "साधी. तुझ्याएवढी असेल. आता नीट आठवत नाही बघ."

मी वर पाहिलं तेव्हा ती माझ्या समोर उभी होती. चेहरा मी पाहिला, नक्की पाहिला, आणि नजर पडद्याकडे वळवली तसा तो विसरले.

"तेवीस-सी," ती म्हणाली.

"माफ करा, विमान जास्त भरलंय. ही जागा आज देता येणार नाही."

"आज तरी नका उतरवू. आईचं ऑपरेशन आहे. दोन वाजता."

"माझ्याही आईचं आहे," मी म्हणाले. एकोणीस वर्षांत कुणा प्रवाशाला मी घरचं काही सांगितलं नव्हतं.

"मग दोघींपैकी कुणी जायचं?"

ठरवायची सवय मला होती. मी बटण दाबलं. तिचं नाव गेलं, माझं आलं.

"बसा तिकडे," मी म्हणाले, "जागा झाली की हाक मारते."

ती भांडली नाही. "हरकत नाही," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. मी पोचते."

तिची बॅग उतरवायला माणसं विमानाच्या पोटात शिरली. त्या क्रमांकाची बॅगच नव्हती. पावणेबाराला विमान उडालं. माझी खुर्ची गरम होती.

सव्वा वाजता मी दवाखान्यात पोचले. धावतच जिना चढले. आईच्या खोलीबाहेर टेबलाशी परिचारिका बसली होती. तिने हाताने अडवलं.

"एका पेशंटजवळ एकच माणूस. मुलगी आहे आत. बारा वाजल्यापासून बसलीय."

बारा वाजता मी ढगांत होते.

"तिला एकच मुलगी आहे," मी म्हणाले. "ती मी आहे."

तिने वहीत बोट फिरवलं. "जन्मतारीख सांगा."

मी सांगितली.

"तारीख बरोबर आहे," ती म्हणाली. "नाव तुमचं नाही."

वही तिने माझ्याकडे वळवली. अक्षर नेटकं होतं.

दार बोटभर उघडं होतं. पलंगाच्या कडेला एक बाई पाठमोरी बसलेली. पायाशी एक बॅग. आईचा हात तिच्या हातात होता, आणि आई हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"आई," मी हाक मारली.

आईने दाराकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहतात तसं, भिडस्तपणे. मग तिने मान वळवली.

"ठमे, मला वाटलं, तू या खेपेलाही येत नाहीस."

"जागाच मिळत नव्हती गं, आई," ती बाई म्हणाली.

परिचारिकेने उठून दार लावून घेतलं. माझ्याकडे पाहून ती हसली. चांगलं, सरावाचं हसू होतं.

"बसा तिकडे," ती म्हणाली. "जागा झाली की हाक मारते."