टोक धरणारा

लावा पैज. शेवट ओळखून दाखवा, उद्यापासून मी कुणालाही घाबरवणार नाही. नाही ओळखलात, तर आज एकेकट्यानं घरी जायचं. आणि तू हसू नकोस गं, सगळ्यात आधी तूच पांघरूण डोक्यावर ओढशील.

ही माझ्या भाच्याची गोष्ट. खरी. मी तेव्हा त्या बंद पडलेल्या नाटकघराचा राखणदार. किल्ली माझ्याकडे. भाचा शहरातल्या जुन्या इमारती शिकायचा, त्यांच्यावरची चित्रं, नक्षी, सगळं. त्यांच्या बाई मोठ्या खट. पुस्तक उघडूच द्यायच्या नाहीत. "जागेवर जा, भिंतीला हात लावा, मापा, मग रेघ ओढा." फोटोबिटो चालायचा नाही. मी म्हणायचो, भिंत काय पळून चाललीय?

माप घ्यायचं दोघांनी. एकानं टेपचं टोक कोपऱ्यात धरायचं, दुसऱ्यानं पलीकडे जाऊन आकडा वाचायचा. टोक धरणाऱ्यानं तो परत म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही. आणि नकाशाखाली दोघांची नावं घालायची. माप वाचणारा अमुक, टोक धरणारा तमुक.

भाच्याचा जोडीदार लंबू. ताडमाड उंच, म्हणून लंबू. पण हात काय त्याचा! पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा, बाईसुद्धा बघत राहायच्या.

डिसेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नकाशा द्यायचा, नाहीतर दोघांचं वर्ष गेलं. आणि नाटकघराची वरची खोली मापायची राहिलेली. भिंतीभर चित्रं असलेली ती. संध्याकाळी सहाला लंबूचा फोन, "ताप आलाय रे." ताप कसला, मित्राकडे मॅच बघत लोळत होता गडी.

भाचा एकटाच आला. वीज तर कधीच तोडलेली.

"मामा, वर येतोस?"

"मी येतो रे, पण गुडघे नाही म्हणतात. टोकावर वीट ठेव आणि आटप लवकर."

गेला मोबाइलचा उजेड घेऊन. मी खाली फाटकाशी. सात वाजून दहा मिनिटं झालेली. पुढचं त्यानं सांगितलेलं सांगतो.

वीट ठेवली. पलीकडच्या कोपऱ्यात गेला. सवयीनं तोंडातून निघालं, "धर."

टेप ताठ झाला.

"अकरा फूट चार," यानं वाचलं.

"अकरा फूट चार," अंधारातून आलं. लंबूचा आवाज.

भाचा हसला. का? तर नकला करण्यात तुमचा हा म्हातारा पटाईत. लंबूच्या आवाजात मी त्याला दोनदा फोनवर गंडवलेलं. "वा मामा, गुडघे बरे झाले वाटतं!" म्हणाला, आणि लागला कामाला. दुसरी भिंत. तिसरी. चौथी. हा वाचायचा, तो परत म्हणायचा. टोक आपलं आपण पुढच्या कोपऱ्यात पोचायचं. हा वर बघतोय कशाला, वहीत आकडे लिहिण्यात दंग.

"झालं. सोड."

टेप ताठच.

"मामा, पुरे आता. सोड ना."

"काय रे?" मी ओरडलो...

खालून. रस्त्यावरून.

भाचा खिडकीपाशी होता. वाकून पाहिलं. मी फाटकाशी. हातात चहा. शेजारी चहावाला.

...

टेप हळूच ओढला गेला. अंधारात.

मग लंबूचा आवाज. अगदी प्रेमानं.

"पुढची भिंत वाच."

पुढची भिंत...

चारच होत्या.

...

जिना कसा उतरला, त्याचं त्याला माहीत नाही. टेप वरच राहिला. वही तेवढी छातीशी. मी पाणी पाजलं, पाठ चोळली. तिथंच त्यानं लंबूला फोन लावला. तिकडून मॅचचा गलका. "ओरडू नकोस ना, सांगतो सगळं," लंबू म्हणाला.

घरी येऊन पोरानं नकाशा काढला. आकडे सगळे जुळले, इंचभर फरक नाही. मी सोबतीला बसलेलो. शेवटी नावांपाशी येऊन थांबला.

"मामा, टोक धरणारा कोण लिहू?"

आता माझ्या जिभेला कुठं हाड आहे? म्हटलं, "आवाज कुणाचा होता?"

"लंबूचा."

"मग लंबूच लिही की!"

मी हसलो. तो नाही हसला. पण लिहिलं.

नऊला नकाशा दिला. बाईंनी सही केली. दोघांचं वर्ष वाचलं.

नऊ वाजून गेले असतील नसतील, लंबूच्या आईचा फोन. लंबूच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट... टेप चिमटीत धरतो ना आपण, तेवढीच दोन. चुन्यासारखी पांढरी. गार. सुई टोचली तरी कळेना. तीन डॉक्टर झाले. त्या दुखण्याला नाव सापडलं नाही.

अजून तशीच आहेत. बसस्टँडच्या तिकीटखिडकीवर बसतो तो. मी त्याच्या रांगेत उभा राहत नाही. बाजूच्या खिडकीतून बघतो नुसतं. तिकीट डाव्या हातानं देतो.

पेन्सिल नाही धरता आली त्याला पुन्हा.