टाकीवरचा तळवा

जुन्या मोटरसायकली फार ढोंगी असतात. बिघाड असतो विजेचा, पण आचके देतात, खोकतात, चढावर जीव टाकतात, आणि मेकॅनिक बिचारा कार्ब्युरेटर उघडून बसतो. मीही बसायचो. तो साफ होईपर्यंत इंजिन गार व्हायचं, म्हणून गाडी सुरू व्हायची आणि मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. गाडी चार गल्ल्या गेली की तापून पुन्हा बंद.

धाकट्या बहिणीचा नवरा आमच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागला आणि माझं पितळ उघडं पडलं. जावईबापू काही उघडतच नसत. टाकीवर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, पेट्रोल ठीक आहे, कॉइल तापतेय. कॉइल बदलली की गाडी पळायची. नाना, म्हणजे माझे वडील, त्याच्याकडे बघत राहायचे. माझ्याकडे त्यांनी तसं कधी पाहिलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याच्या तळहाताचासुद्धा मला हेवा वाटायचा.

नानांचे गुडघे गेले होते. वर्कशॉपची किल्ली कोणाला द्यायची ते रविवारी सांगतो, असं ते जेवताना म्हणाले. त्या रविवारी मी आधी पोचलो. नानांच्या जुन्या गाडीची टाकी उचलून खालची कॉइल काढली, खिशात टाकली आणि टाकी होती तशी बसवली. कॉइल नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर गाडी नाही. ठेव म्हटलं आता तळवा.

नाना आले, खुर्चीत टेकले. गाडी सुरू होत नाही, कार्ब्युरेटर साफ करून थकलो, आता जावईबापूंनीच बघावं, असं मी साळसूदपणे सांगितलं.

त्याने टाकीवर उजवा तळवा ठेवला. डोळे मिटले. मग डोळे न उघडताच डावा हात लांबवून माझा खांदा धरला. हात गार होता.

"दादा, किक मारा."

हसू दाबत मी किक मारली.

इंजिन सुरू झालं.

एकही ठोका चुकत नव्हता. मी खिसा चाचपला. कॉइल खिशातच होती.

माझी बोटं बधिर झाली. मग कोपर, मग मान. गाडीचा आवाज चढत गेला आणि मला समोरची भिंत दिसेनाशी झाली.

त्याने खांदा सोडला. गाडी बंद पडली.

नानांना काहीच कळलं नाही. त्यांनी खूश होऊन किल्ली त्याच्या हातात ठेवली. मी कसाबसा म्हणालो की मी आता दुसरीकडे काम बघीन.

"नको," तो आदराने म्हणाला. "दादांना इथेच राहू द्या, नाना. मला ते लागतील."

नानांना गहिवरून आलं. असा जावई मिळायला नशीब लागतं, म्हणाले.

बाहेर बंद पडलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यातली एक तो ढकलत आत घेऊन आला, आणि तिच्या शेजारी माझ्यासाठी स्टूल ठेवलं.