लुकलुकणारा बाण

कॉम्प्युटर बिघडला की माणूस आधी एकच वाक्य बोलतो. मॅडम, मी काही केलं नाही, आपोआप झालं. जव्हारला माझं दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा हे इतक्यांदा ऐकलं होतं, की गिऱ्हाईक दारात दिसलं की मीच आधी म्हणायची, हो हो, आपोआपच झालं असणार, बसा. दोन हजार तीन-चारचं साल असेल. सूर्यमाळचे उत्तम गुरुजी आले तेव्हाही मी तेच म्हटलं. ते काही हसले नाहीत.

त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर माऊसचा बाण लुकलुकत होता. मध्येच नाहीसा व्हायचा, परत यायचा. दुसरा माऊस लावून झाला, तरी तेच. मशीन इकडे आणा म्हटलं, तर म्हणाले, घरी तान्ही मुलगी आहे, दिवस भरायच्या आधी झालेली, बाहेर जास्त वेळ राहवत नाही, तुम्हीच चला. मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसले.

भादव्याचे दिवस. खोडाळ्याच्या पुढे इतकं धुकं, की भर दुपारी दिवा लावून गाडी चालवावी लागली. वाटेत गुरुजींनी घरचं सांगितलं. त्यांचं पहिलं मूल, मुलगीच, नुकती बसायला लागली होती आणि एका दुपारी पाळण्यात झोपली ती उठलीच नाही. तेव्हापासून बायको, जयवंती, धड झोपत नाही. आता ही दुसरी. ही तरी राहावी, एवढंच त्या घराचं मागणं होतं. मी धुक्यात बघत राहिले.

बाळाला ऊब हवी म्हणून सगळा संसार चुलीच्या खोलीत आणलेला. एका कोपऱ्यात चूल, शेजारी पाळणा, समोर टेबलावर कॉम्प्युटर. धुराचा आणि बाळंतशेपेचा वास. जयवंती पाळण्याची दोरी धरून बसली होती, डोळे लालभडक. गुरुजींची आई, चंद्रकला आजी, चुलीपुढे.

माऊस उलटा करून आतली रबरी गोळी काढली, तर आत हळदकुंकू आणि एक तांदळाचा दाणा. गेल्या दसऱ्याला आईने पूजा केली होती, गुरुजी ओशाळून म्हणाले. मला हसू आवरेना. म्हटलं, देवाला अक्षता वाहा, माऊसला नको, बिचाऱ्याला पचत नाहीत. आजीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. सगळं साफ केलं. बाण लुकलुकतच होता.

ड्रायव्हर काढून परत टाकला. बाणाच्या मागे शेपूट उमटवायची सोय असते, ती बंद केली. ग्राफिक्सचा वेग खाली आणला. काही उपयोग नाही. शेवटी वैतागून माऊसची वायरच मशीनमधून उपटली. आता बाण जागच्या जागी थिजायला हवा होता. नाही थिजला. स्क्रीनच्या मधोमध उभा राहून जात होता, येत होता... अगदी सावकाश, हलक्या हाताने कोणी उघडझाप करावी तसा. मला आधी रागच आला. मनातल्या मनात एक शिवीही घातली.

गुरुजी लाकडं आणायला बाहेर गेलेले. पाळण्यातून बाळाच्या श्वासाची बारीक शिट्टी ऐकू येत होती. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं. शिट्टी वाजली की बाण दिसत होता. थांबली की जात होता. आणि मग तो गेला तो आलाच नाही. कान दिला, तर शिट्टीही नव्हती.

“जयवंती... बाळाकडे बघ.”

जयवंतीचा बसल्या बसल्या डोळा लागला होता. आजीच आधी धावली. पोरीचे ओठ निळसर पडले होते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दाखवलं होतं तसा आजीने अंगठ्याने तिचा तळपाय जोरात घासला. पोरीने आचका देऊन श्वास घेतला. मी मान वळवली, तर बाण आला होता.

ओरडा ऐकून गुरुजी आत आले. मोटरसायकलवरून या धुक्यात बाळाला नेणं शक्यच नव्हतं. ते खोडाळ्याला जीप आणायला पळाले. आम्ही तिघी राहिलो. काय चाललंय ते मी सांगितलं. वेड्यात काढतील असं वाटलं होतं. आजीने फक्त स्क्रीनकडे एकदा पाहिलं.

“तू त्याच्याकडं बघ, बाय. आमी पोरीकडं बघतो.”

मग तेच काम सुरू झालं. मी म्हणायची, गेला... आजी तळपाय घासायची. मी म्हणायची, आला... जयवंती हुंदका गिळायची. मध्येच लाईट गेली. यूपीएस थोडा वेळ टीं टीं करून मेला आणि स्क्रीन काळी पडली. जयवंतीने पाळण्यावर डोकं टेकलं.

काळ्या काचेवर बाण तसाच होता. पांढरा. जात होता, येत होता...

उठून पळावं असं वाटत होतं, आणि त्याने मात्र जाऊ नये असंही वाटत होतं. देवाशपथ सांगते, इतकं घाबरून मी कधी कोणाची विनवणी केलेली नाही.

जीप आली. पोरीच्या स्वच्छ पायांत लोकरीचे मोजे मीच चढवले, वर दोन दुपटी घट्ट गुंडाळली. गुरुजी आणि जयवंती तिला घेऊन मोखाड्याच्या दवाखान्याकडे निघाले. आजीला एकटं कसं ठेवायचं, म्हणून मी थांबले. आजी चूल फुंकत होती, मी काचेकडे बघत होते. बाण चालू होता. आणि मग गेला.

आता सांगणार कोणाला? जीप घाटात कुठेतरी असेल.

“आजी... गेला.”

आजी राखेने भरलेल्या हातांनी उठली. बाण होता त्या जागी तिने अंगठा टेकवला आणि काच घासू लागली. ऊठ गं बाय, ऊठ... असं पुटपुटत होती. किती वेळ, कोण जाणे. तिच्या अंगठ्याखाली एकदम पांढरं काही हललं. बाण आला होता. त्यानंतर तो सरळ चालत राहिला आणि संध्याकाळी लाईट आल्यावर काचेवर राखेशिवाय काही नव्हतं. रात्रभर आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो.

सकाळी गुरुजी आम्हाला न्यायला आले. त्यांचा चेहरा पाहूनच आजी रडायला लागली, आनंदाने. पोर काचेच्या पेटीत होती, धोका टळला असं डॉक्टर म्हणाले होते. गुरुजी म्हणाले, घाटात आम्हा दोघांचाही डोळा लागला. पोरगी एकदम टाहो फोडून रडली म्हणून जागे झालो, नाहीतर...

मोखाड्याला पोचलो. पोर चांगली गुलाबी झाली होती, मूठ चोखत पडली होती. जयवंतीने आम्हाला जवळ बोलावलं. काल मोजे काढताना तळपायाला राख दिसली होती. नर्सबाई पुसायला निघाल्या, पण जयवंतीने त्यांचा हात धरून पुसू दिली नव्हती.

मी वाकून पाहिलं. राखेचा ठसा होता. पण आजीचा अंगठा केवढा रुंद, आणि हा ठसा तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठा, एवढ्याशा बोटाचा.

जयवंती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“हे बोट माझ्या ओळखीचं आहे, ताई.”