दोन ठोक्यांना थांबायचं

तो धापा टाकत धक्क्यावर पोचला, तेव्हा बाकीचे पाहुणे आपापल्या कयाकमध्ये कमरेपर्यंत रुतून बसले होते आणि हवालदार वल्हं खांद्याला लावून त्याचीच वाट बघत उभी होती.

हवालदार म्हणजे पोलिसातली नव्हे हं. पाहुण्यांना देवमासे दाखवायला समुद्रात नेणारी ती एक सडपातळ मुलगी. पण आवाज असा, की एकदा ती ‘मागे व्हा!’ म्हणून ओरडली आणि पाहुण्यांबरोबर भरतीही चार हात मागे सरली. बंदरावरची माणसं तसं शपथेवर सांगतात, आणि त्यांना खोटं कोण पाडणार! हे नाव तिला तिच्या दादानं ठेवलं होतं. दादा आता नव्हता. नाव राहिलं होतं.

“देवमासे कुणासाठी थांबत नाहीत,” ती म्हणाली.

“देवमासे थांबले असते हो… धास्ती तुमचीच होती.”

पाहुणे हसले. ती हसली नाही. गेल्या सीझनपासून तिनं हसणं सोडलंच होतं.

“एकटेच आहात? मग या दोन बैठकांच्या बोटीत पुढे बसा. मागे मी. आणि वळून बघायचं नाही, बोट उलटते.”

“एवढं काय आहे मागे बघण्यासारखं?”

“काही नाही. म्हणूनच सांगतेय.”

निघण्याआधी तिनं रोजचं सांगितलं. “कयाकला इंजिन नाही, आवाज नाही. श्वास घ्यायला वर येणाऱ्या देवमाशाला आपण आहोत हे कळत नाही. म्हणून तो जवळ आला की वल्हं मांडीवर आडवं घ्यायचं आणि मुठीनं बोटीवर ठोकायचं. दोनदा, सावकाश. टक… टक. त्यालाही कळतं आणि आपल्या बाकीच्या बोटींनाही कळतं—इथे देवमासा आहे, आहात तिथेच थांबा. तीन ठोके लागोपाठ म्हणजे माझ्याकडे या, ताबडतोब. काय सांगितलं?”

“दोनला थांबायचं, तीनला यायचं!” सगळे शाळेतल्या पोरांसारखे ओरडले.

‘तीन’ म्हणताना तिचा आवाज किंचित अडखळला होता. ते फक्त त्या उशिरा आलेल्या माणसाला ऐकू आलं. त्याचा धंदाच कानांचा होता.

बाहेर पाणी शिशासारखं जड होतं. खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, काळे कोट वाळत घातलेल्या वकिलांसारखे. एक सील डोकं वर काढून त्यांच्याकडे बघून गेलं. बारीक भुरभुर सुरू झाली. तिच्या पुढ्यात त्याची मान होती, भिजलेली, आणि दोन मोठे कान, थंडीनं लाल झालेले.

“मी तुम्हाला ओळखतो,” तो समोर बघतच म्हणाला.

“हे सगळेच म्हणतात. वल्हं खोल टाका.”

“गेल्या सीझनभर ऐकलंय तुम्हाला. पाण्याखालून.”

“मासा आहात का?”

“सीलांच्या खडकापलीकडे पाण्यावर तरंगणारा बोया आहे ना, त्याला माझा माईक बांधलाय. देवमाशांचे आवाज टिपायला. तुमच्या बोटी वरून जायच्या. एकदा तुम्ही ओरडलात—काका, वल्हं आहे ते, झाडू नाही! देवमासा बोलत होता, तो गप्पच झाला. आणि मग तुम्ही हसलात.” तो जरा थांबला. “ते हसू मी कितीतरी वेळा… म्हणजे, कामासाठीच… ऐकलं.”

तिची वल्ह्याची लय चुकली, आणि ती आजवर लाटांनीही चुकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. बंदरावरच्यांनी त्याचं नाव कानसेन ठेवून टाकलं. इतर मुलींना प्रेमात डोळे आठवतात म्हणे. हिला एक मान आठवू लागली. तो थट्टा करी, ती दटावी. तो वल्हं उथळ टाकी, ती मागून त्याच्या पाठीवर वल्ह्याची थंडगार टोकं टेकवी. एकदा मावशी वर आली. मावशी म्हणजे त्या किनाऱ्यावरची सगळ्यात म्हातारी देवमाशी. पाठीवर जहाजाच्या पंख्यानं पाडलेले पांढरे वळ, आणि श्वास असा की सात खडकांवरचे पक्षी उडावेत. तिनं फुंकर टाकली, त्या दोघांना नखशिखांत भिजवलं आणि निघून गेली.

“वास येतोय,” तो म्हणाला.

“तिचा की तुमचा?” ती म्हणाली… आणि हसली. तिचं तिलाच ते अनोळखी वाटलं. घरी जाऊन ती घरालगतच्या शेडमध्ये वर टांगलेल्या लाल कयाकखाली बराच वेळ उभी राहिली, काही चोरून आणल्यासारखी.

ती कयाक दादाची. आई रोज तिच्यावरची धूळ पुसत असे. हवालदारकडे मात्र ती बघत नसे. जेवायला वाढी, कपडे घडी करून ठेवी. नजर तेवढी वाढत नसे.

मग एका पावसाळी दुपारी फेरी रद्द झाली. शेडमध्ये रबरी सूट खिळ्यांना लटकले होते, डोकी नसलेल्या पाहुण्यांसारखे. त्याच्या हातात हेडफोन होता आणि चेहऱ्यावर बक्षीस मिळालेल्या पोराचा आनंद.

“तुमच्यासाठी आणलंय काहीतरी. अजून कुणाला ऐकवलं नाही. एक प्राणी सापडलाय मला, कुठल्याच पुस्तकात नाही. खरं सांगू? मी परत आलो तो याच्यासाठी… आणि त्या हसण्यासाठी. याला शोधायला मदत कराल?”

तिनं हेडफोन लावला.

आधी नुसता समुद्र. मग…

टक… टक.

थोडी शांतता. पुन्हा टक… टक. प्रत्येक ठोक्यामागे एक बारीक किणकिण. दादाच्या अंगठ्यात स्टीलचं वळं होतं. ते बोटीवर असंच वाजायचं.

“गोड आहे ना?” तो म्हणाला. “नेहमी दोनच. कधी तीन नाही.”

तिच्या ओठांचा रंग उडालेला त्याला आता दिसला.

“कधीचं आहे हे?”

“गेल्या सीझनचं. ते मोठं धुकं पडलं होतं ना, त्या दिवशीचं. का? काय झालं?”

त्या दिवशीचं धुकं! बायकांनी आपले नवरे आवाजावरून ओळखून घरी नेले, आणि एकीनं चुकीचा नेला तरी तिला ते आठवडाभर कळलं नाही, असं धुकं. त्या धुक्यात हवालदारच्या मागे नवशिक्यांच्या बोटी होत्या आणि दादा वाट शोधायला एकटा पुढे गेला होता. खडकापलीकडून ठोके आले. तिनं दोन ऐकले. म्हणून ती थांबली. ठोके येत राहिले, ती थांबून राहिली. मग ते बंद झाले. नियम असा, की पाहुणे आधी किनाऱ्याला. तिनं ते नेले. संध्याकाळी लाल कयाक मिळाली, पालथी. दादा मिळाला नाही.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच होतं—दोन होते की तीन? धुक्यात आवाज विरतात. एक ठोका विरला असेल तर? तो बोलावत राहिला असेल आणि आपण मांडीवर वल्हं घेऊन देवमाशाची वाट बघत बसलो असू तर?

“पुढे लाव,” ती म्हणाली.

तिनं सगळं तुटक तुटक सांगितलं. त्याचे ते मोठे कान पांढरे पडले.

“नको,” तो म्हणाला. “पुढचं नका ऐकू.”

“लाव म्हटलं ना.”

त्यानं लावलं. ठोके आता हलके होत गेले होते. दोन. मोठी शांतता. दोन. मग एवढे पुसट की समुद्राच्याच मनातलं काही वाटावं. तरी दोन. आणि नंतर ठोके नाहीतच. फक्त मावशीचा तो खोल, लांबलेला आवाज, एकाच जागेवरून, बराच वेळ. मावशी तिथेच थांबली होती.

“अजून काय कळतं तुला यातून? खरं सांग.”

त्याला सांगवेना. “बोटीच्या वरून ठोकलं तर आवाज वेगळा येतो. हे… हे खालच्या बाजूनं आहे. ठोकणारा पाण्यात होता. अगदी पहिल्या ठोक्यापासून.”

म्हणजे बोट उलटली होती. गार पाण्यात पालथ्या बोटीला धरून दादा ‘या’ म्हणू शकत होता. तीन ठोके पुरले असते. मग हवालदार सगळ्या नवशिक्यांना घेऊन त्या खडकांवर आदळली असती. तो शेवटपर्यंत म्हणत राहिला, थांब.

तिनं हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवला.

“माझा भाऊ मरत होता,” ती हळू म्हणाली, “आणि तू त्याचा मासा केलास. खिशात घालून हिंडलास. गोड म्हणालास.”

“मला माहीत नव्हतं…”

“जा.”

तो गेला. हेडफोन मात्र यंत्रासकट फळीवर ठेवून गेला.

संध्याकाळी तिनं तो आईच्या कानांना लावला. आई शिलाई उसवलेला सूट हातात धरून ऐकत राहिली. किणकिण ऐकून तिची सुई थांबली. शेवटपर्यंत ती हलली नाही.

“दोनच आहेत,” आई म्हणाली.

“हो.”

“सगळे?”

“सगळे, आई.”

“मला वाटायचं, तू तीन ऐकलेस आणि घाबरून परत आलीस.” आईचा आवाज फाटला. “पोटच्या पोरीबद्दल असं वाटायचं मला. म्हणून तुझ्याकडे बघवत नव्हतं गं.”

मग आईनं तिच्याकडे बघितलं. दोघी एकाच सुटाची एकेक बाही धरून रडल्या. बाहेरचा पाऊस कधी थांबला ते दोघींनाही कळलं नाही.

सकाळी हवालदार उशिरा उठली. खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समुद्र नाही, धक्का नाही, नुसतं पांढरं. शेडमध्ये आली तर छताखाली दोर मोकळे लोंबत होते.

“आई! दादाची कयाक?”

“तो कानवाला आला होता. गाव सोडतोय. जायच्या आधी बोयाचा माईक काढायचा म्हणाला, भाड्यानं बोट मागत होता. दिली.”

“लाल दिलीस? त्याला धड वल्हवता येत नाही, आई!”

“तेव्हा आकाश मोकळं होतं गं, हे आत्ता उतरलंय. म्हटलं, ती बोट एकदा तरी माणसाला घेऊन परत येऊ दे.” आईनं एक मोकळा दोर मुठीत धरला. “तिला उलटी टांगलेली बघवत नाही मला. जा ना. आणशील ना?”

ती बाकीचं ऐकायला थांबली नाही.

धुक्यात वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. सीलांचा खडक तिनं वासावरून ओळखला. पलीकडे वल्हं आडवं घेऊन तिनं मूठ उगारली. असे ठोके तिनं इतक्या दिवसांत एकदाही वाजवले नव्हते, शिकवताना सुद्धा नाही.

टक टक टक.

काही नाही. पाणी बोटीला चाटत होतं. तिनं पुन्हा वाजवले. आणि मग पांढऱ्यातून, दुरून—

टक… टक.

दोन. स्पष्ट दोन. नियम सांगत होता, थांब. वर्षभरापूर्वी याच पाण्यात याच आवाजावर ती थांबली होती, आणि ते बरोबर होतं, आणि त्या बरोबरनं तिला काहीच दिलं नव्हतं. आज मात्र मागे कुणीच नवशिकं नव्हतं.

तिनं वल्हं पाण्यात घातलं. इतक्या जोरात, की धुकं मधोमध फाटून दोन्हीकडे सरलं, असं बंदरावरची माणसं आजही सांगतात. ती माणसं तिथे नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आधी लाल रंग दिसला. सुलटा. मग त्यात बसलेला तो. वल्हं मांडीवर, मूठ बोटीवर, तोंडावर काळानिळा थंडीचा रंग. आणि त्याच्या कुशीला, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ, पांढरे वळ असलेली ती प्रचंड पाठ.

“दोन वाजवले होते मी,” तो कुजबुजला. “मावशी आहे. थांबायचं असतं ना?”

“ऐकले. दोनच होते.”

“मग?”

“मग काय…” तिनं आपली बोट सरकवत त्याच्या बोटीला टेकवली, वल्हं दोन्ही बोटींवर आडवं टाकलं आणि त्याची गारठलेली मूठ आपल्या हातात धरली. इतके दिवस तिनं फक्त मान बघितली होती. डोळेही बरे होते. “तुझ्या दोनला मी थांबणार नाही. कधीच. लक्षात ठेव.”

“मी… त्या माशाचं जे म्हणालो…”

“ते मला विसरता येणार नाही.”

“नकोच विसरू.”

मावशीनं फुंकर टाकली. दोघं भिजले. ती हळूच खाली गेली, आणि पाण्यावर तिचा गुळगुळीत गोल ठसा बराच वेळ राहिला. त्याच पाण्यात कुठेतरी दादा होता. दोघंही त्या ठशाकडे बघत राहिले.

“मघाशी तू तीन वाजवलेस ना?” अखेर तो म्हणाला. “की मला भास झाला?”

“तुझा धंदा ना कानांचा?”

“तरी… एकदा खात्री…”

हवालदारनं लाल कयाकवर मूठ टेकवली. धक्क्याच्या बाजूनं आईची हाक धुक्यातून येत होती, दोघांना मिळून एकच. तिनं आधी ओ दिली. आणि मग, सावकाश नव्हे, लागोपाठ—

टक टक टक.