डिकीतली खडखड

"चोरी नाही, खून नाही. मग हा माणूस आपल्याकडे कशाला आलाय, वहिनी?" भावजींनी दबक्या आवाजात विचारलं. दबका आवाज त्यांना जमत नसे; समोरच्याने ऐकलंच.

वहिनी म्हणजे या खासगी तपास कचेरीच्या मालकीण. भावजी त्यांचे धाकटे दीर आणि मदतनीस. माणूस सरळ, डोकं सावकाश.

आलेला माणूस गाड्यांत स्पीकर बसवणारा मिस्त्री होता. वीस वर्षं तेच काम.

"बाई, एक गाडी मला खाऊन टाकणार," तो म्हणाला. "वरचा टप उघडणारी. डिकीत घुमणाऱ्या बेसचे दोन मोठे स्पीकर. ते वाजले की डिकीचं झाकण खडखडायचं. मी आतून जाड पट्ट्या चिकटवल्या, कडेला फोम लावला, नंबरप्लेटमागे रबर घातलं. झाकण मुकं झालं. चार दिवसांनी परत खडखड! असं तीनदा."

"काम कच्चं असेल," भावजी म्हणाले.

वस्तू बिघडली की कारागीर गुन्हेगार, चौकशी नंतर. भावजीही जगातलेच.

"दुकानाचे मालकही तेच म्हणाले. उद्यापर्यंत खडखड गेली नाही तर घरी बस." मिस्त्री खाली बघत होता. "आता मलाच शंका येते. माझे कानच गेले असतील तर मी दुसरं करणार काय?"

"स्क्रू ढिला झाला असेल," वहिनी म्हणाल्या.

"प्रत्येक स्क्रूवरून पत्र्यापर्यंत मी पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो. स्क्रू फिरला की रेघ तुटते. एकही तुटलेली नाही. म्हणून त्यांना मी हातच लावला नाही."

"उठा, भावजी. गाडी बघू."

गाडीचा मालक दातांचा डॉक्टर होता. त्याने वहिनींना आत घेतलं आणि मिस्त्रीला फाटकाबाहेरच उभं केलं.

गाडी पोर्चमध्ये होती, टप उघडा.

"टप असाच असतो?"

"इथे असाच. फाटकाला कुलूप असतं ना," डॉक्टर म्हणाला. "संध्याकाळी तासभर मी गाडीत बसून ऐकतो. दिवसभर लोकांचे जबडे बघून डोकं उठतं हो! पण खडखड सुरू झाली की बंदच करावं लागतं. दुरुस्तीला जाईपर्यंत गाडी गप्प."

डिकी उघडायचं बटण सीटशेजारीच होतं. वहिनींनी ते दाबलं. झाकण जिथे टेकतं तिथे डावी-उजवीकडे एकेक रबरी बटण होतं, स्क्रूसारखं फिरवून वर-खाली करता येणारं. दोन्हींच्या बुडाशी पांढरी रेघ अखंड होती.

वहिनींनी वहीतून दोन चिठोरे फाडले, टोकं बाहेर राहतील असे दोन्ही बटणांवर ठेवले आणि झाकण लावलं.

"ओढा, भावजी."

उजवा चिठोरा टर्रकन फाटला. डावा अलगद हातात आला.

"उजवा कागद हलका होता," भावजींनी निकाल दिला.

"एकाच पानाचे आहेत. चला."

शेजारच्या गाणं शिकवणाऱ्या बाई फाटकापाशीच भेटल्या. "त्या धाडधाडीने माझ्या विद्यार्थ्यांचे सूर बिघडतात. तीन तक्रारी दिल्यात, सही करून! गाडीला चोरून हात कशाला लावू? मी तोंडावर भांडणारी बाई आहे."

घरात डॉक्टरच्या पत्नी, म्हणजे सूनबाई, म्हणाल्या, "मी त्या वेळेला क्लास घेते, साडेआठला परत येते. मला ना त्यांचं गाणं ऐकू येत, ना खडखड. वर सासरे असतात, पण त्यांना ढोल बडवला तरी ऐकू येत नाही."

सासऱ्यांची खोली बरोबर पोर्चच्या डोक्यावर होती. म्हातारे पलंगाजवळ खुर्चीत, तळहात टेबलावर. कानातलं यंत्र डबीत. समोरच्याचे ओठ बघून ते उत्तरं देत.

"जड ट्रक येतोय," ते मध्येच म्हणाले. भावजींनी खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा. मग कोपऱ्यावरून ट्रक वळला.

"आयला!" भावजी म्हणाले.

"छापखान्यात चाळीस वर्षं मशिनी सांभाळल्या. हाताला कळतं."

"मुलाची गाडी बघितलीत?" वहिनींनी सावकाश विचारलं.

"गुडघे धरलेत. खाली जातच नाही."

"मिस्त्री कामाला कसा आहे?"

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. "हात बारीक आहे त्याचा. स्क्रू तिथे रेघ. हल्ली कोण ओढतं?"

वहिनी उठल्या. "भावजी, डॉक्टरांना आणि सूनबाईंना वर बोलवा. मिस्त्रीलाही. हो, आतून, जिन्याने."

सगळे खोलीत उभे राहिले. वहिनी म्हाताऱ्याला ओठ दिसतील अशा बसल्या.

"डावं रबरी बटण खाली गेलंय. झाकण तिथे टेकत नाही, म्हणून खडखडतं. मिस्त्री दरवेळी फोम वाढवून ती फट नकळत भरायचा. मग कोणीतरी बटण आणखी खाली न्यायचं."

"पण रेघ?" मिस्त्री पुढे झाला. "बटण फिरलं तर रेघ तुटेल!"

"अर्धं फिरलं तर. पूर्ण एक फेरा दिला तर रेघ पुन्हा रेघेला भिडते."

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "फेरा! आणि मी माझ्या कानांना शिव्या घालत होतो."

"हे रागाने उपटणाऱ्याचं काम नाही. रेघ कशासाठी असते हे जाणणाऱ्याचं आहे. शेजारच्या बाईंसाठी फाटक बंद. सूनबाई गाण्याच्या वेळी घरातच नसतात, त्यांना त्रास कसला? डिकीच्या आतल्या रेघांचं कौतुक मात्र अशा माणसाने केलं, जो म्हणतो, मी खाली जातच नाही."

"बाबा? अहो, त्यांना ऐकूच येत नाही!" डॉक्टर जवळजवळ हसला.

"खडखड कोणाला हवी, हेच आपण शोधत बसलो. खडखड कोणालाच नको होती. ती झाली की तुम्ही गाणं बंद करता. हे करणाऱ्याला हवी होती शांतता."

म्हाताऱ्याने सगळं वाचलं होतं. "यंत्र कानातून काढून ठेवता येतं," ते मुलाला म्हणाले. "पलंग कुठे काढून ठेवू? तुझं ते धाडधाड भिंतीतून येतं, पायांतून चढतं, छातीत बसतं. रोज तासभर. दोनदा सांगितलं तुला. तू म्हणालास, तुम्हाला कुठे ऐकू येतं?"

डॉक्टर मागे सरकला. दाढ काढताना समोरचे सरकतात तसा.

"यांची नोकरी चाललीय, उद्याच," वहिनींनी मिस्त्रीकडे बोट दाखवलं.

म्हातारे दचकले. "कशापायी?"

"कच्चं काम केलं म्हणून."

"याने?" म्हातारे उठून उभेच राहिले. "मला वाटलं गाडी तेवढी खोटी ठरेल. बाबा रे, माणूस खोटा पडेल हे डोक्यातच आलं नाही."

"मी दुकानात सांगतो, खडखड आपोआप गेली," डॉक्टर घाईघाईने म्हणाला. "घरातली गोष्ट बाहेर कशाला?"

"आपोआप काही जात नाही," वहिनी म्हणाल्या. "चूक मिस्त्रीची नव्हती, हे सांगावं लागेल. का नव्हती, तेही."

डॉक्टर फोन हातात धरून नुसता उभा. म्हाताऱ्याने तो काढून घेतला आणि मिस्त्रीपुढे धरला. "तुझ्या मालकाला लाव. उचलला की मला खूण कर."

मिस्त्रीने नंबर लावला. थांबला. मग मान डोलावली.

"मी गाडीवाल्या डॉक्टरचा बाप," म्हातारे खणखणीत आवाजात म्हणाले. "तुम्ही काय बोलाल ते मला ऐकू यायचं नाही, तेव्हा मध्ये बोलू नका. तुमच्या माणसाचं काम पक्कं आहे. तीन वेळा ते मी बिघडवलं, ह्या हातांनी, आणि मला ते लपवायला अक्कल लावावी लागली, इतकं ते पक्कं आहे. उद्या तो कामावर येईल. त्याला काही बोललात तर गुडघे गेले तरी मी तिथे येईन."

फोनमधून काहीतरी बोलणं येत होतं. म्हाताऱ्याने फोन मिस्त्रीच्या हातात दिला.

"काय म्हणतोय?"

मिस्त्रीने ऐकलं. मग म्हाताऱ्याला ओठ नीट दिसावेत म्हणून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"नऊ वाजता ये म्हणाले."