न कापलेलं पान

शनिवार पेठेत हुसेनचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची पडवी. तिथं खळीचा आणि कातड्याचा वास कायम भरलेला असायचा, आणि समोरच्या लिंबाची सावली दिवसभर उंबऱ्यावर खेळायची. शाहू महाराज गादीवर येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. पौषातली अवस होती आणि भर दुपारी सूर्याला ग्रहण लागायचं होतं. मोठं ग्रहण. गावात दुसरी गोष्टच नव्हती.

त्या सकाळी इंग्रजी शिकवणारे यज्ञेश्वर मास्तर एक जाड गठ्ठा काखेत मारून आले. कुणा साहेबाच्या सामानाच्या लिलावात तो त्यांना मिळाला होता.

"हुसेनभाई, विलायतेतलं मासिक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचं. पुठ्ठा पार गेलाय, नवा चढवा."

तान्ह्या पोराला घ्यावं तसा हुसेननं तो गठ्ठा हातात घेतला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, मराठीही अक्षराला अक्षर लावून वाचायचा. कागद मात्र त्याला बोटांनी कळायचा.

"दणकट हाय. काय लिवलंय ह्यात?"

"गंमत आहे. हे पान बघा, ज्योतिषाचं. लोक जन्मवेळ कळवून प्रश्न विचारायचे. हरवलेली गाय कुठं आहे, जहाज परत येईल का, लग्न कधी जमेल. ज्योतिषी त्याला उत्तर छापायचा. शेजारी भुताखेतांच्या हकिगतीही आहेत."

"म्हंजे गोऱ्यास्नीबी शनी लागतोय म्हणा की!"

"लागतो तर! आणि आमचे साहेब आमच्या पंचांगाला हसतात."

दोघंही खदखदून हसले. आतून हुसेनची बायको रोशनबी ओरडली, "हळू हसा की वो! पोरीचा आत्ता कुठं डोळा लागलाय."

पोर म्हणजे त्यांची मेहमुदा. मुरगूडला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटेपासून कळा येत होत्या. शेजारची तानाबाई सुईण येऊन बसली होती. मेहमुदाची आधीची दोन्ही बाळं जन्मताच गेली होती. त्यावर घरात कुणी बोलत नसे. पण हुसेनच्या मनात दुसरं काही नव्हतं. हे तिसरं तरी राहू दे, एवढंच.

मास्तर पान चाळत होते. चाळता चाळता त्यांचं हसू मावळलं.

"काय झालं, मास्तर?"

"काही नाही. एका बापाचा प्रश्न आहे. म्हणतो, माझी दोन लेकरं गेली. तिसरं होईल त्या दिवशी ग्रहण आहे. तेवढं जगेल का, ते सांगा."

हुसेनच्या हातातला दोरा तसाच राहिला. "मग? काय उत्तर दिलंय?"

"उत्तर पुढच्या पानावर. पण हे पान जोडलेलंच आहे हो."

हुसेननं पाहिलं. मोठा कागद छापून घड्या घालतात, आणि घडीची कड कापली नाही तर पानं पाकिटासारखी बंद राहतात. वाचणाऱ्यानं सुरी घालून ती सोडवायची. बाकीची पानं कुणीतरी नीट सोडवली होती. हे एकच राहिलं होतं.

"सगळी कापली, आन् हेच ठेवलं," हुसेन हळूच म्हणाला. "ज्यानं इचारलं त्याचंच हे पुस्तक असंल, मास्तर. भ्याला असंल बघायला."

"असेलही. कापा तुम्ही, आपण बघू."

हुसेननं सुरी उचलली तोच रोशनबी दारात उभी. "अवो, ठेवा ती सुरी! गिराण लागायची येळ झाली. घरात पोरगी अडलीय, आन् तुम्ही कापाकापी करताय?"

ग्रहणात पोटुशी बाई असलेल्या घरात कुणी चिरत नाही, कापत नाही. बाळाला खोट येते म्हणतात. हे हिंदूंच्यात मानतात तसंच मुसलमानांच्यातही मानतात. हुसेननं मुकाट्यानं सुरी खाली ठेवली. मास्तर पंचगंगेवर ग्रहणाच्या स्नानाला गेले.

मग ऊन हळूहळू विटत गेलं. ढग नव्हता, धूळ नव्हती, तरी उजेड शिळा झाला. लिंबाच्या पानांतून फरशीवर पडणारे कवडसे रोज गोल असत, ते आता चंद्रकोरीसारखे झाले. शेकडो बारक्या कोरी उंबऱ्यावर हलत होत्या. चिमण्या घरट्यात शिरल्या. दूर कुठंतरी "दे दान, सुटे गिऱ्हाण" अशी हाळी आली आणि विरली. खळीचा वास एकाएकी गार झाला.

आत मेहमुदा कण्हत होती.

हुसेननं वर पाहिलं. उंबऱ्यात एक माणूस उभा होता. उंच, गोरा, गुडघ्यापर्यंतची विजार, लांब शेपट्यांचा कोट, पांढरे केस मागं फितीनं बांधलेले, खांद्यांवर पिंजलेल्या कापसासारखं पांढरं काहीतरी भुरभुरलेलं. हुसेनला वाटलं, नाटक कंपनीतला कुणी राजा सोंगासकट बाहेर पडलाय.

"पावणं, गिराण सुटल्यावर या. आत्ता दुकान बंद हाय."

पाहुणा आत आला. त्याच्या पायांखालच्या चंद्रकोरी त्याच्या बुटांवर चढल्या नाहीत. बुटांतून आरपार, खालच्या फरशीवर तशाच दिसत राहिल्या...

हुसेन बसल्याजागी मागं सरला. पाहुणा गठ्ठ्यापाशी वाकला. उघड्या पानावर त्यानं एक बोट ठेवलं, बरोबर त्या प्रश्नावर. मग बोट जोडलेल्या कडेपर्यंत नेलं आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. काहीतरी पुटपुटला. हुसेनला शब्द कळला नाही, पण विचारणं कळलं. असं विचारणं कुठल्याही बापाला कळतं.

पाहुण्यानं सुरी हुसेनकडं सरकवली.

हुसेनचा हात सुरीवर गेला. उत्तर त्यालाही हवं होतं. आतली कण्हण वाढत होती, आणि उत्तर ह्या कागदाच्या पोटात होतं. पण ते वाईट असलं तर?

"न्हाई, पावणं..." तो म्हणाला. "मलाबी भ्या वाटतं. बसा. दोघंबी वाट बघू."

पाहुणा चटईवर बसला. विहिरीच्या काठाशी बसल्यावर लागतो तसा गारवा हुसेनच्या दंडाला लागत होता. पण आता त्याला पळावंसं वाटेना. एकट्यानं वाट बघण्यापेक्षा हे बरं होतं.

आतली कण्हण थांबली. मेहमुदानं एक किंकाळी फोडली आणि सगळं चिडीचूप झालं.

बाळाचं रडणं काही ऐकू येईना.

हुसेन डोळे मिटून बसला. "या अल्ला... एवढं एक..." त्यानं आधारासाठी शेजारी हात टाकला. हाताला नुसती चटई लागली.

आणि आतून शिंक आली. बारीकशी, मांजराच्या पिलासारखी. मागोमाग रडणं, असं खणखणीत की लिंबावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"जगलं!" हुसेन उठून ओरडला. "पावणं, जगलं की वो!"

पाहुणा पुन्हा उंबऱ्यात उभा होता. त्याला कळलं होतं. तो आवाज न करता हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं हुसेनचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले, मागं सरून लवून एक मुजरा केला, आणि उंबऱ्यावर लहान पोरासारखी गिरकी घेतली. फरशीवरच्या कोरी भरत भरत गोल होऊ लागल्या. ऊन पिवळं झालं, तेव्हा उंबऱ्यात कुणी नव्हतं.

गल्लीत एकच गलका झाला. ग्रहण सुटलं होतं. नात झाली म्हणत रोशनबीनं आतून गूळ आणून दिला. मास्तर ओल्या धोतरानंच आले.

"काय हो, कापलं का पान?"

"न्हाई, मास्तर. हाय तसंच बांधतो. ज्याचं त्याला उत्तर मिळालं." हुसेननं त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "नात झाली मला! खावा!"

मास्तरांना काही उमजलं नाही, पण गूळ त्यांनी आनंदानं खाल्ला.

तेवढ्यात तानाबाईनं आत बोलावलं. खोलीत शेगडी धगधगत होती, धुपाचा वास होता. मेहमुदा घामानं निथळत होती आणि हसत होती.

"हुसेनभाई, काय सांगू," तानाबाई हलक्या आवाजात म्हणाली. "नाळ गळ्याला हुती. पोर निळी पडलेली. मी हात टेकलं हुतं. मग माझ्या खांद्यावरनं कुणीतरी फुकलं. एकच फुकर, लई गार. आन् शिंकली की तुमची नात!"

"रोशनबीनं फुकलं असंल."

"मी कुठनं? मी चुलीपाशी हुते की," रोशनबी म्हणाली.

हुसेन वाकून नातीकडं बघू लागला. तिच्या काळ्याभोर जावळावर पिंजलेल्या कापसाचे असावेत तसे चार-पाच पांढरे कण होते. गोधडीचा कापूस लागला असेल म्हणून रोशनबीनं ते बोटानं टिपले.

तिनं दचकून बोट मागं घेतलं. बोटाला कापूस नव्हता. नुसतं पाणी होतं, शेगडीच्या त्या धगीतही दातांत कळ यावी इतकं गार.