निकाली निघालेली विहीर

जिल्हा संग्रहालयाच्या दारात दोन खिडक्या होत्या. एकीवर तोफा आणि पेंढा भरलेला बिबट्या पाहायची तिकिटं मिळत. दुसरीवर इंटरनेटवरून नाहीसं झालेलं काही असेल तर विचारणा करता येई. रांग दुसरीकडेच. बिबट्याला याचं वाईट वाटत असावं, असा त्याचा चेहरा होता.

त्या रांगेतून दिलशाद मुजावर आत आल्या, त्या थेट अभिरक्षक हेमलता कारखानीस यांच्या टेबलापाशी.

“मॅडम, माझी विहीर गेली.”

“विहीर?”

“विहिरीचे फोटो ओ. रंगाच्या कारखान्यानं पाणी लाल केलं, तेव्हापासनं टाकत आले. उद्या कोर्टात दाखवायचे, तर आज एक नाही.”

फोनमध्येच फोटो साठवायची पद्धत केव्हाच मोडली होती. सगळं इंटरनेटवर. ते भरून वाहू लागलं, तेव्हा काय ठेवायचं नि काय टाकायचं हे ठरवायला सरकारनं ज्यांचा जन्म ठेवण्यात गेला त्यांनाच बोलावलं: संग्रहालयं आणि दप्तरखाने. त्यांनी धोरण म्हणून आपली जुनी वर्गवारीच पुढे केली. ‘अ’ म्हणजे कायम, ‘ड’ म्हणजे वर्षभरात नष्ट. मधले ‘ब’ आणि ‘क’ नशिबावर. ‘वर्गक’ नावाची प्रणाली प्रत्येक फोटोला हे अक्षर लावी. हे धोरण ठरवणाऱ्या समितीवर हेमलताबाईही होत्या. त्यांच्या सत्काराचे फोटो ‘अ’ वर्गात सुखरूप होते.

बाईंनी वर्गकाला विचारलं. पडद्यावर उमटलं: ‘तक्रार. उत्तर दिले. निकाली. वर्ग ड.’

“उत्तर? कुणी दिलं?” दिलशाद यांनी विचारलं.

“कारखान्यानं. प्रत्येक फोटोखाली लिहिलं होतं: आपल्या भावना पोहोचल्या, धन्यवाद.”

“आणि पाणी?”

“पाण्याचं वर्गकाला काही नसतं. उत्तर गेलं की प्रकरण निकाली. दप्तरात असंच चालत आलंय.”

“म्हणजे धन्यवाद म्हटलं की फोटो मरतो. हे त्यांना कुणी शिकवलं?”

हेमलताबाई टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या. दिलशाद यांची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. नव्या दालनाचा देणगीदार तोच रंगाचा कारखाना होता.

“तुम्ही शिकवलंत?”

“छे हो! उद्घाटनाला समितीच्या अध्यक्षांनी आपली कार्यपद्धती समजावून सांगितली, एवढंच. फार टाळ्या पडल्या.”

दिलशाद यांनी पिशवीतून काचेची बाटली काढली. आतलं पाणी कोकमासारखं लाल.

“मग हीच नेते उद्या.”

बाईंचे डोळे चमकले. “द्या इकडे! वस्तू म्हणून दाखल करून घेते. दाखल वस्तूला सरळ ‘अ’. कुणाचा बाप पुसू शकणार नाही.”

“आणि कोर्टात?”

“तेवढं जमणार नाही. दाखल वस्तू आवाराबाहेर नेता येत नाही.”

“मग ठेवाल कुठं?”

“नव्या दालनात. तिथं जागा आहे.”

बाईंनी हात पुढे करून बाटलीची मान धरली. दिलशाद यांनी बूड सोडलं नाही.

“मॅडम, जपायची म्हणताय, पण कुणापासनं?”